भिंत बंद होण्याआधी: म्हातारपणीही स्वतःची स्वतःला वापरता येईल अशी बाथरूम

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या बाथरूमच्या चौकटीकडे एकदा नीट बघा. साधारण छातीच्या उंचीवर एका ठरावीक जागी रंग मळलेला दिसेल. तसाच एक पट्टा बेसिनच्या काठावर सापडेल, एक फ्लशच्या टाकीच्या झाकणावर, आणि टॉवेलचा दांडा एका बाजूने किंचित झुकलेला असेल. त्यांचे हात रोज आधारासाठी जिथे जातात, त्या ह्या जागा. विचारलं तर "मला काही होत नाही, उगाच खर्च करू नका" असंच उत्तर मिळतं. म्हणून विचारण्याआधी डाग शोधा, त्यांवर पेन्सिलीने खुणा करा आणि जमिनीपासूनची उंची वहीत लिहून ठेवा. नूतनीकरणाचं काम इथून सुरू होतं.

मला हे उशिरा कळलं. एका सकाळी कमोडवरून उठताना सासूबाईंच्या हातात टॉवेलचा दांडा भिंतीतून उपटून आला. दोन बारके स्क्रू आणि त्यांच्याभोवतीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, एवढ्यावर तो उभा होता. त्या मागे कमोडवरच बसल्या म्हणून निभावलं. लगेच आम्ही बाथरूम नवी करायला काढली. टाइल्स लागल्या, त्यांच्या सांध्यांत ग्राउट भरून झालं, आणि मग मी म्हटलं, आता आधाराचे दांडे लावा. कारागिराने भिंत बोटाने वाजवून दाखवली. पोकळ! नुकत्याच लावलेल्या टाइल्स दोन ओळी फोडाव्या लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: दांडा, खुर्ची, नळ हे सगळं नंतर बदलता येतं, पण उतार, पाइप आणि दांड्याच्या स्क्रूंना पकड देणारी भिंतीच्या आतली फळी ही टाइलच्या मागे गेली की गेली. म्हणून आधी आतलं ठरवा.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

पहिल्याच दिवशी गवंडी बोलावू नका. रात्री किती वेळा उठावं लागतं, कमोडवरून उठताना कोणता हात टेकतात, अंघोळीला किती वेळ उभं राहवतं, शरीराची कोणती बाजू कमजोर आहे, हे बघा. वॉकर असेल तर त्याची रुंदी टेपने मोजा. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू आहेत का, तेही लिहा. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. आपल्या भाषेत, उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री घाईने उठून बाथरूमला जाताना नेमकं हेच घडतं. तेव्हा उठल्यावर मिनिटभर धरून उभं राहण्याची सोय पलंगापासून कमोडपर्यंत सगळ्या वाटेवर लागते.

१९७९ मध्ये पॅट्रिशिया मूर नावाची सव्विशीतली अमेरिकन डिझायनर म्हातारीचा वेश करून शहरं पालथी घालू लागली. नुसता मेकअप नव्हता: नजर धूसर करणारा चष्मा, कानात बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून बांधलेल्या पट्ट्या. आपल्याला शहरं पालथी घालायची नाहीत, बाथरूमपुरतं पुरे. जुन्या चष्म्याच्या काचांना पुसटसं व्हॅसलीन लावा, एका गुडघ्याला घट्ट क्रेप बँडेज बांधा, हातात जाड मोजे चढवा आणि कोरड्या बाथरूममध्ये कोणाला तरी सोबत घेऊन शिरा. दाराची कडी काढा, कमोडवर बसा-उठा, शाम्पूची बाटली उचला. दहा मिनिटांत जी यादी तयार होते ती कुठल्याही कॅटलॉगात मिळत नाही.

पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) घरी बोलावून एकदा पाहणी करून घ्या. डाव्या बाजूला दांडा की उजव्या, हे त्या माणसाचं शरीर बघूनच ठरतं. गवंड्याला ते विचारणं म्हणजे त्याच्यावरही अन्याय आहे.

दुसरी पायरी: खडूने आखा

कागदावरचा नकाशा सगळ्यांनाच वाचता येत नाही. मोठ्या खोलीत जमिनीवर खडूने किंवा मास्किंग टेपने बाथरूम खऱ्या मापात आखा, कमोडच्या जागी खुर्ची ठेवा आणि ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना त्यातून चालायला लावा.

आखताना तीन अवस्था डोळ्यांसमोर ठेवा. आज माणूस स्वतः चालतंय. उद्या वॉकर येईल. परवा कदाचित चाकाची खुर्ची आणि सोबत मदतनीस. भिंतीत आणि जमिनीत जे जाणार ते तिसऱ्या अवस्थेसाठी करा, वर जे बसवायचं ते पहिल्या अवस्थेपुरतं. आजच सगळं बसवलं तर बाथरूमला हॉस्पिटलची कळा येते आणि ज्यांच्यासाठी केली तेच नाक मुरडतात. त्यांचं चुकत नाही.

चाकाची खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळवायला १५०० मिमी, म्हणजे जवळपास ५ फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. बेसिनखालची जागा मोकळी असेल तर तीही थोडीफार कामी येते. लहान बाथरूममध्ये हे वर्तुळ बसत नाही, आणि तिथे बरेच जण हताश होतात. दुसरा मार्ग आहे: मधे भोक असलेली, चाकांची शॉवर-कमोड खुर्ची. बाहेरच तिच्यावर बसवायचं, उलटी ढकलत कमोडवर न्यायची आणि तशीच शॉवरखाली. वळायचं काम नाही आणि कमोडवर सरकून बसायचंही नाही. फक्त आधी खुर्चीखालची मोकळी उंची मोजा. हौसेने उंच कमोड बसवला आणि खुर्ची त्यावरून गेलीच नाही, असं होतं.

तिसरी पायरी: दार

दाराचं माप विचारलं की लोक पल्ल्याचं माप सांगतात. आपल्याला हवी असते मोकळी रुंदी. पल्ला ९० अंशांत उघडा आणि पल्ल्याच्या अंगापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. चाकाच्या खुर्चीला किमान ८१५ मिमी (३२ इंच) लागतात, ९०० मिळाले तर कोपर घासत नाहीत. इंच-दीड इंचाने अडत असेल तर चौकट फोडण्याआधी पल्ला पूर्ण बाजूला नेणाऱ्या ऑफसेट बिजागऱ्यांची चौकशी करा. पल्ल्याच्या जाडीइतकी जागा तिथेच सुटते.

दार बाहेर उघडलं पाहिजे. याला कारण एकच, पण पुरेसं आहे. लहान बाथरूममध्ये पडलेलं माणूस बहुतेक वेळा दाराला टेकून पडलेलं असतं. आत उघडणारं दार मग ढकलताही येत नाही. बाहेर जागा नसेल तर सरकतं दार लावा, पण भिंतीच्या पोटात शिरणारं नको, नाहीतर त्या भिंतीवर दांडा लावता येणार नाही. आत कडी लावायची झाली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी लावा. गोल मुठीऐवजी खाली दाबायचा लांबट हँडल, म्हणजे संधिवाताच्या बोटांनी नाही तर कोपरानेही दार उघडतं.

चौथी पायरी: फरशी

इथे वेळ काढा. बाथरूमची सगळ्यात जास्त भांडणं फरशीवरून होतात, आणि फरशी नंतर बदलणं सगळ्यात महाग पडतं.

पहिला प्रश्न उंबऱ्याचा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी दगडाची पट्टी आणि शॉवरभोवती तीन-चार इंचांचा बांध घालायची सवय सर्वत्र आहे. पाय पुरेसा न उचलणाऱ्या माणसाला अर्धा इंचही ठेच लावतो. उंबरा ठेवायचाच तर १२ मिमीपेक्षा उंच नको आणि कड उतरती हवी. उंबरा काढला की पाणी अडवायचं काम उतारावर येतं. साधारण १:५० म्हणजे दर मीटरला २० मिमी उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर पाणी जातं, पण शॉवरचं स्टूल कलतं आणि वॉकर सरकतो. "घ्या ना जरा जास्त, पाणी पटकन जाईल," असं कारागीर म्हणतोच. पाणसळ लावून २० मिमीवर थांबवा.

नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, मधोमध असेल तर चारी बाजूंनी उतार द्यावा लागतो, आणि मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही. मग ती तिरकी कापतात आणि कडा वर येतात. तिथे लहान टाइल्स घ्या, ५० मिमीच्या मोझेकसारख्या. सांधे जास्त, म्हणून पायाला पकडही जास्त. मोठ्याच टाइल्स हव्या असतील तर भिंतीलगत लांब जाळीचा लिनिअर ड्रेन टाका. मग एकाच दिशेला उतार पुरतो. जाळी हाताने उचलून साफ करता आली पाहिजे. उंबरा नसलेल्या बाथरूममध्ये जाळी केसांनी तुंबली की पाणी थेट पलंगाखाली जातं.

बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली असेल तर दोन मार्ग उरतात. एक तर आतली फरशी भरून वर आणायची, किंवा रॅम्प द्यायचा. रॅम्पचा हिशोब १:१२ चा: ५० मिमी चढाला ६०० मिमी लांबी. पण तो रॅम्प नेमका दाराच्या वळणात येत असेल तर चालणाऱ्या माणसाला तो पायरीपेक्षा धोक्याचा, कारण पायरी निदान दिसते.

दुसरा प्रश्न घसरण्याचा. दुकानात टाइलवर आर-९, आर-१०, आर-११ असे आकडे दाखवतात. ते जर्मन डीआयएन ५११३० मानकातून आलेले आहेत आणि ती चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून होते. कारखान्याला ती ठीक. आपण अंघोळ बुटांनी करत नाही. अनवाणी, साबणाच्या पाण्यात होणारी चाचणी वेगळी आहे, मूळची डीआयएन ५१०९७ मधली, आणि तिच्यात ए, बी, सी असे वर्ग येतात. ए म्हणजे किमान १२ अंशांच्या उतारापर्यंत पाय टिकला, बी म्हणजे १८, सी म्हणजे २४. अंघोळीच्या जागेला बी तरी मागा. विक्रेता आर-११ म्हणून आग्रह करेल, तेव्हा शांतपणे "बी की सी?" एवढंच विचारा. चाचणीचा कागद मिळाला नाही तर टाइलचा एक तुकडा घरी आणा, त्यावर शाम्पू-पाणी ओता आणि धरायला काहीतरी घेऊन अनवाणी पायाने रेटून बघा. फार खरखरीत टाइलही नको. पातळ झालेली कातडी तिच्यावर सोलली जाते, आणि खाचांत साबण बसला की तीच टाइल गुळगुळीत होते.

फरशी फोडायची नसेल तर जुन्या टाइल्सवर लावायचं अँटी-स्किड द्रावण किंवा चिकटपट्ट्या मिळतात. ही तात्पुरती सोय आहे, मधूनमधून पुन्हा करावी लागते.

वॉटरप्रूफिंगचा थर फक्त शॉवरखाली न देता सगळ्या फरशीवर, दाराच्या रेषेच्या थोडा बाहेरपर्यंत आणि भिंतींवर वर चढवून घ्या. शॉवरच्या भिंतीवर तो डोक्याच्या उंचीपर्यंत हवा. टाइल्स लावण्याआधी दाराशी तात्पुरता विटांचा बांध घाला, जाळी बंद करा, पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारा आणि २४ तास ठेवा. रेघ आणि पाणी जागेवर असेल तरच पुढचं काम. हा एक दिवस वाचवायची सगळ्यांना घाई असते. वाचवू देऊ नका.

पाचवी पायरी: भिंतीच्या आत

भिंत पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची असेल तर चांगल्या अँकर बोल्टवर दांडा बसतो. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची असेल तर साधा बोल्ट ब्लॉकचा चुरा करून बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीच बनलेले अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्के करायचे बोल्ट) लागतात. पोकळ पार्टिशन असेल तर टाइल्सच्या आधी आत जाड, पाण्याला टिकणारं प्लायवूड घाला. १८ मिमी घ्या, बारीक घेऊन पस्तावू नका. कुठे? "दांडा येणार तिथे" असं बहुतेक जण म्हणतात. मी म्हणते कमोडच्या आणि शॉवरच्या सगळ्या भिंतींना, गुडघ्यापासून खांद्याच्या वरपर्यंत. दांडा कुठे लागेल हे आज कोणालाच ठाऊक नसतं. फळीचा खर्च एकूण कामात जाणवतही नाही.

भिंत बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप जमिनीला टेकवून भिंतीला उभी धरलेली दिसेल असा. फळी कुठे, पाइप कुठे, वायर कुठे. पाच वर्षांनी ड्रिल मारताना हेच फोटो पाइप वाचवतील. ते एकाच फोनमध्ये ठेवू नका.

सहावी पायरी: आधाराचे दांडे

टॉवेलचा दांडा हा आधार नाही. काचेच्या दाराचं हँडल हा आधार नाही. रबरी वाटीने चिकटणारा दांडा तर आधार मुळीच नाही. तो आठ दिवस घट्ट असतो आणि नवव्या दिवशी सांध्यातून हवा शिरते. खरा दांडा ११३ किलो (२५० पौंड) भार तरी सोसणारा असावा. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या बांधकाम नियमांत हाच आकडा आहे.

दांड्याची जाडी ३२ ते ३८ मिमी, म्हणजे बोटं पूर्ण वळतात. भिंतीपासूनचं अंतर ३८ मिमी. ते वाढवू नका. अंतर जास्त असलं तर घसरताना हात दांड्याच्या मागे शिरतो आणि अंगाच्या वजनाने मनगट नाहीतर कोपर मोडतं. चकचकीत स्टीलपेक्षा पृष्ठभागावर बारीक खाचा असलेला घ्या, साबणाच्या हाताला तोच धरतो.

आडव्या दांड्याची उंची नियमात ८४० ते ९१५ मिमी असते. हा आकडा सुरुवात म्हणून धरा, शेवट म्हणून नव्हे. बुटक्या माणसाला ९०० वरचा दांडा ढकलता येत नाही, नुसता लटकता येतो. ड्रिल मारण्याआधी दांड्याच्या लांबीची टेप भिंतीवर चिकटवा, त्यांना कमोडवर बसवा आणि "उठताना हात कुठे ठेवाल?" असं न विचारता नुसतं उठायला सांगा. हात जिथे पडेल तिथे खूण. उभा दांडा शॉवरच्या तोंडाशी, आत पाऊल टाकताना धरायला. आडवा बसण्या-उठण्याला. तिरका शक्यतो नको, ओला हात त्यावरून खाली घसरतो.

कमोडच्या एका बाजूला भिंत नसेल तर मागच्या भिंतीतून येणारा, वर दुमडणारा दांडा बसवा. मदतनिसाला उभं राहायचं असलं की तो वर करता येतो. आणि टॉवेलचे दांडेही भार सोसणाऱ्या जातीचेच लावून टाका. टॉवेलला काही फरक पडत नाही, आणि हात तिथे जाणारच आहे.

कमोड

साधा कमोड साधारण ३८० ते ४०० मिमी उंच असतो. उठायला सोपा म्हणून सीटसकट ४३० ते ४८५ मिमी सांगतात. पण आकडा बघून विकत घेऊ नका. खुर्चीवर बसवून, पायात रोजच्या सपाता असताना, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा. सीट त्याच्याबरोबर किंवा जरा वर असावी. पाय अधांतरी राहिले तर उठायला जोर लागत नाही आणि पोटही साफ होत नाही. नुसती सीट उंच करायची असेल तर वर बसवायची जाड सीट मिळते, पण क्लॅम्पने घट्ट बसणारीच घ्या.

कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ४०० ते ४५० मिमीवर ठेवा. कमी ठेवलं तर कोपर भिंतीला लागतं, जास्त ठेवलं तर दांडा हाताला येत नाही. हे अंतर कमोडखालच्या ट्रॅपच्या (मैला जायच्या पाइपच्या तोंडाच्या) जागेवर अवलंबून असतं, म्हणून प्लंबर पाइप टाकत असतानाच टेप घेऊन उभं राहा. उकिडवं बसायचं भांडं असेल आणि गुडघे गेले असतील तर त्यावर ठेवायचं स्टूल हा तोडगा तात्पुरताच, नूतनीकरणात ते काढा. सीटची बिजागरी दर महिन्याला आवळा. सैल सीट बसतानाच बाजूला सरकते, आणि ती कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

अंघोळीची जागा

बाथटब असेल तर तो काढण्याचा विचार मनावर घ्या. उंच काठावरून ओला पाय नेणं ही बाथरूममधली सगळ्यात अवघड हालचाल. काढता येत नसेल तर ट्रान्सफर बेंच मिळतो. त्याचे दोन पाय टबमध्ये आणि दोन बाहेर असतात. बाहेर बसायचं आणि बसल्या बसल्या आत सरकायचं.

शॉवरमध्ये बसायची सोय ४३० ते ४८० मिमी उंचीवर हवी. दुमडणारी सीट सुबक दिसते, पण ती भिंतीतल्या फळीवर घट्ट बसलेली असली तरच. मला स्वतःला रबरी बूच लावलेलं, हात आणि पाठ असलेलं सुटं स्टूल जास्त आवडतं: मोडलं तर बदलता येतं. नळ सीटवरून हाताला आला पाहिजे, आणि शॉवरखाली न जाता बाहेरूनही सुरू करता आला पाहिजे. पहिलं गार पाणी अंगावर आल्यावर माणूस दचकून मागे सरकतं, त्यातच तोल जातो. हँड शॉवरची नळी दीड मीटर तरी लांब घ्या. तो ज्या उभ्या सळईवर सरकतो ती सळई लोक हमखास धरतात, म्हणून ती भार सोसणारीच मागा. काचेच्या दारापेक्षा पडदा बरा. मदत करणाऱ्याचा हात आत जातो.

बेसिन

वरची कड ८६५ मिमीपेक्षा उंच नको. बसून वापरायचं असेल तर खाली ६८५ मिमी मोकळी उंची ठेवा, म्हणजे गुडघे आत जातात. खालचा गरम पाण्याचा पाइप गुंडाळून घ्या, पायाला संवेदना कमी असलेल्या माणसाला भाजल्याचं कळत नाही. नळ एका लांबट दांडीचा. आरसा बसूनही दिसेल इतका खाली.

पाणी किती गरम

६० अंश सेल्सिअसचं पाणी पातळ झालेल्या कातडीला काही सेकंदांत खोल भाजतं. ४९ अंशांना तितकंच भाजायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात माणूस हात काढू शकतं. मग टाकीच ४९ वर ठेवावी असं वाटेल, पण कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो आणि फुप्फुसांना त्याचा त्रास होतो. म्हणून टाकी ६० वर ठेवायची आणि नळाच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. तो गार पाणी मिसळून ३८ ते ४१ अंशांचंच पाणी पुढे सोडतो, आणि दुसऱ्या नळाने गार पाणी ओढलं तरी शॉवर एकदम उकळता होत नाही.

उजेड आणि वीज

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून दिवे वाढवा, पण नागडा बल्ब नको. चकचकीत टाइल्सवरून तो उलटा डोळ्यांत जातो. रात्री पलंगापासून कमोडपर्यंत घोट्याच्या उंचीवर, हालचालीने लागणारे मंद पिवळे दिवे लावा. मुख्य दिव्याचा स्विच दाराबाहेर.

रंगांचं काम उजेडापेक्षाही मोठं. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा अधू नजरेला दिसतच नाही. सीट गडद करा, दांडा भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा. फरशी मात्र एकाच रंगाची ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला गडद पायपुसणं खड्ड्यासारखं वाटतं आणि ते ओलांडायला लांब पाऊल टाकतं. आरशातला चेहरा परका वाटून घाबरणारेही असतात. त्यांच्यासाठी आरशावर पडदा लावा.

इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपासून १०० मिमीपर्यंत लोंबली पाहिजे, कारण ओढणारा बहुधा जमिनीवर असेल. झाडताना मधे येते म्हणून ती गुंडाळून वर बांधायची खोड सगळ्यांना असते. गाठ दिसली की सोडा.

काम चालू असताना

घरात एकच बाथरूम असेल तर फोडाफोडीच्या आदल्या दिवशी भांडं असलेली कमोड खुर्ची खोलीत आलेली असावी. कारागिरांना उंचीची मापं तोंडी सांगू नका. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक मापापुढे "तयार फरशीपासून" असं लिहा. कच्च्या जमिनीपासून मोजून लावलेला कमोड टाइल्स आल्यावर तेवढाच बुटका होतो. केमिकल अँकर भरल्यावर तो सुकायला डब्यावर जितका वेळ लिहिलाय तितका द्या, कोणी लटकून बघायला गेलं तर थांबवा.

ताबा घेताना

शेवटचे पैसे देण्याआधी बादलीभर पाणी दाराशी ओता आणि ते जाळीकडे जातं की बाहेर येतं ते बघा. घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला प्रत्येक दांड्याला ओढा द्यायला लावा, जरासा आवाज आला तरी पुन्हा उघडून बघा. दार बाहेरून नाण्याने उघडा. मग ज्यांच्यासाठी केलं त्यांची कोरडी, कपड्यांसकट तालीम घ्या: आत या, बसा, उठा, शॉवर सुरू करा, घंटी ओढा. पहिल्या खऱ्या अंघोळीला कोणीतरी दाराबाहेर थांबा. आत नव्हे, बाहेर.

दोन महिन्यांनी पुन्हा डाग शोधा. आमच्याकडे सगळं करूनही एक नवा डाग निघाला, बेसिन आणि दार यांच्या मधल्या मोकळ्या भिंतीवर, मनगटाच्या उंचीवर. हात पुसून वळताना सासूबाई तिथे तळवा टेकवत होत्या आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मी फोनमधला जुना फोटो उघडला. त्या टाइलमागे फळी होती. अर्ध्या तासात छोटा उभा दांडा लागला.